ठिबक संचात दाब कमी पडतोय? पंप आणि व्हॉल्व्हमधील बिघाड असा शोधा

ठिबकवरच्या बागेत शेवटच्या ओळी कोरड्या राहू लागल्या, की बहुतेक ठिकाणी पहिला संशय मोटारीवर घेतला जातो. मग बोअरमधून मोटार वर काढली जाते, रिवायंडिंगच्या दुकानात जाते, दोन-तीन दिवसांनी परत येते, आणि चालू केल्यावर शेवटच्या ओळी तशाच कोरड्या राहतात. काही जण त्याच वेळी तीनऐवजी पाच अश्वशक्तीची मोटार बसवून टाकतात. प्रत्यक्षात बिघाड अनेकदा फिल्टरजवळच्या बायपास व्हॉल्व्हमध्ये, झिजलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये किंवा आतून तुटलेल्या बॉल व्हॉल्व्हमध्ये असतो. तो काही रुपयांच्या वायसरने किंवा एक व्हॉल्व्ह बदलून मिटला असता. एप्रिल-मे महिन्यात हे तीन दिवस फार महाग पडतात. भाजीपाल्याची मुळे उथळ असतात, त्यामुळे ते पीक दुसऱ्याच दिवशी मान टाकते. डाळिंबात फळ फुगवणीच्या काळात पाण्याचा खंड पडला आणि नंतर एकदम भरपूर पाणी दिले, तर फळे तडकतात.

म्हणून पाना हातात घेण्याआधी दाब आणि करंट मोजा. बिघाड कुठे आहे हे या दोन मापांवरून बहुतेक वेळा कळते, आणि मग फक्त तोच भाग उघडावा लागतो.

आधी वीज बंद

मेन स्विच बंद करा, फ्यूज (किटकॅट) काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि ऑटोस्विच बंद करा. ऑटोस्विचचा उल्लेख मुद्दाम करतो आहे. लाइट गेलेली असताना माणूस निर्धास्तपणे कप्लिंगला किंवा वायरला हात घालतो, तेवढ्यात लाइट येते आणि मोटार आपोआप सुरू होते. ओल्या हाताने, अनवाणी किंवा चिखलात उभे राहून पेटी उघडू नका. अर्थिंगची तार तुटलेली असेल तर दाबाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी ती जोडून घ्या. डीपीवर स्वतः चढून फ्यूज टाकू नये, ते काम वायरमनचेच आहे.

कोणती मापे घ्यावीत?

दाब चार ठिकाणी मोजायचा: फिल्टरच्या आधी, फिल्टरनंतर, सबमेनच्या सुरुवातीला आणि सर्वांत लांबच्या लॅटरलच्या टोकाला. त्यासाठी चार गेज लागत नाहीत. एक चांगले गेज आणि ते लावता येईल असे छोटे नळ चार ठिकाणी बसवून घेतले तरी भागते. पंप बंद असताना गेजचा काटा शून्यावर येतो का ते पाहा. उन्हापावसात वर्षानुवर्षे राहिलेले गेज अर्धा-पाऊण किलोवर अडकून बसते, आणि त्यावर विश्वास ठेवून केलेली सगळी तपासणी वाया जाते.

करंट आणि व्होल्टेज स्टार्टर पेटीवरच्या मीटरवर दिसतात. मीटर बंद असेल तर मेकॅनिककडून क्लॅम्प मीटर आणून तिन्ही फेजचा करंट वेगवेगळा मोजून घ्या. पाच अश्वशक्तीच्या थ्री फेज मोटारीचा पूर्ण भाराचा करंट ढोबळमानाने सात ते आठ अँपिअर असतो. पाणबुडी मोटारीचा थोडा जास्त असू शकतो. नेमका आकडा मोटारीच्या नेमप्लेटवर असतो, तो पाहावा.

या सगळ्याला अर्थ येतो तो तुलनेमुळे. संच व्यवस्थित चालत असतानाचे आकडे स्टार्टर पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा: तारीख, कोणता सबमेन सुरू होता, चार ठिकाणचे दाब, करंट, व्होल्टेज. कृषी सहायकांनी संचाच्या तपासणीला गेल्यावर एवढे एक काम शेतकऱ्याकडून करून घेतले, तरी पुढचे बरेच फोन वाचतील.

फिल्टरच्या आधी किती दाब हवा, याचा हिशेब सोपा आहे. एक किलो दाब (प्रति चौरस सेंटिमीटर) म्हणजे पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ. साध्या ड्रीपरला टोकाला साधारण एक किलो दाब लागतो. स्वच्छ सँड फिल्टर आणि स्क्रीन फिल्टर मिळून सुमारे अर्धा किलो खातात. शेत पंपापेक्षा आठ मीटर उंचावर असेल तर त्याचे ०.८ किलो. पाइपमधील घर्षणासाठी आणखी थोडा धरला, तर फिल्टरच्या आधी अडीच किलोच्या आसपास दाब दिसायला हवा. शेत सपाट असेल तर दोन किलोपेक्षा कमी पुरतो.

मापांचा अर्थ

फिल्टरच्या आधी दाब कमी आणि करंटही नेहमीपेक्षा कमी असेल, तर पंपाला पुरेसे पाणी मिळत नाही. सक्शनमध्ये हवा शिरते आहे, फूटव्हॉल्व्हची चाळणी शेवाळाने भरली आहे, पाण्याची पातळी खाली गेली आहे किंवा इम्पेलर झिजला आहे. बिघाड पंपाच्या मागच्या बाजूला किंवा पंपातच शोधा.

दाब कमी पण करंट जास्त, ही खूण वेगळी आहे. पंप भरपूर पाणी उचलतो आहे, पण ते पिकाकडे न जाता मोकळे वाहून जाते आहे. मेनलाइन फुटली असेल, बायपास उघडा राहिला असेल किंवा एकाच वेळी जास्त सबमेन सुरू असतील. सेंट्रिफ्युगल पंपाचा हा स्वभाव अनेकांना उलटा वाटतो. पुढची वाट मोकळी झाली की त्याच्यावरचा भार कमी होत नाही, वाढतो. म्हणूनच पाइप फुटल्यावर मोटार वारंवार ट्रिप होते आणि दोष मोटारीला दिला जातो. मात्र करंट जास्त असताना व्होल्टेजही पाहा. व्होल्टेज कमी असेल, बेअरिंग जाम असेल किंवा इम्पेलर घासत असेल, तरीही करंट वाढतो. हाताने फिरवून पाहिल्यावर मोनोब्लॉकचा शाफ्ट जड फिरत असेल, तर दोष यांत्रिक आहे.

दाब नेहमीपेक्षा जास्त आणि करंट कमी असेल, तर पुढे कुठेतरी अडले आहे. बंद राहिलेला व्हॉल्व्ह किंवा गच्च भरलेला फिल्टर, यांपैकीच काहीतरी निघते.

फिल्टरच्या आधी दाब ठीक पण नंतर कमी असेल, तर फिल्टर साफ करायला हवा. दोन्हींतील फरक अर्धा किलोवर गेला की सँड फिल्टरला बॅकवॉश द्यावा. फिल्टरनंतर दाब ठीक आणि सबमेनला कमी असेल, तर मधल्या मेनलाइनवर गळती किंवा नादुरुस्त व्हॉल्व्ह आहे. सबमेनला ठीक आणि लॅटरलच्या टोकाला कमी असेल, तर पंपाचा काहीच दोष नाही. लॅटरल तुंबली आहे, मधे कुरतडली गेली आहे किंवा मुळातच जास्त लांब टाकली आहे.

लांब मेनलाइनवर गळती शोधताना सगळी लाइन चालत बसू नका. मधला व्हॉल्व्ह बंद करून गेज पाहा. दाब लगेच चढला तर गळती त्या व्हॉल्व्हच्या पुढे आहे, नाही चढला तर मागे आहे. उरलेल्या भागाचे पुन्हा असेच दोन भाग करा. हे करताना बायपास थोडा उघडा ठेवा, कारण अचानक चढलेल्या दाबाने चार किलो क्षमतेचा पीव्हीसी पाइप दुसरीकडे फुटू शकतो.

पृष्ठभागावरचा पंप: हवा कुठून शिरते?

विहिरीवरच्या किंवा शेततळ्यावरच्या मोनोब्लॉक पंपात हवा धरणे हीच सर्वांत मोठी तक्रार. गेजचा काटा थरथरतो, पाणी दुधाळ येते, पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो.

पहिली तपासणी फूटव्हॉल्व्हची. पंप बंद करून सक्शन पाइप पाण्याने काठोकाठ भरा आणि दहा मिनिटे पाहा. पातळी उतरली तर फूटव्हॉल्व्ह पाणी सोडतो आहे. झडपेखाली काडी किंवा खडा अडकलेला असतो, किंवा झडपेचे चामडे अथवा रबर कडक झालेले असते. चाळणी साफ करून रबर बदला. फूटव्हॉल्व्ह विहिरीच्या तळापासून किमान दोन फूट वर असावा, नाहीतर गाळ ओढतो. आणि त्याच्यावर पुरेसे पाणी असावे, नाहीतर भोवऱ्यातून हवा ओढतो. शेततळ्यात ठोकळ्याला किंवा रिकाम्या बंद ड्रमला बांधून तरंगता ठेवला, तर गाळ आणि तळाचे शेवाळ दोन्ही टळतात. मात्र तो पृष्ठभागापासून दोन-तीन फूट खाली लोंबता हवा.

पातळी उतरत नसेल आणि तरीही हवा येत असेल, तर सांधे पाहा. सक्शनची गळती डिलिव्हरीसारखी दिसत नाही. पंप चालू असताना तिथून पाणी बाहेर न येता हवा आत जाते, म्हणून सांधा कोरडाच दिसतो. पेटती अगरबत्ती सांध्याजवळ, फ्लँजजवळ आणि ग्लँडजवळ हळूहळू फिरवा. जिथे धूर आत ओढला जातो तिथे गळती आहे. साबणाचा दाट फेस लावला तरी तो छिद्रात ओढला जातो. ग्लँड पॅकिंगमधून थेंब-थेंब पाणी पडत राहणे योग्यच आहे. ते पूर्ण थांबेपर्यंत नट आवळले, तर पॅकिंग जळते आणि शाफ्टचा स्लीव्ह कापला जातो. नवी पॅकिंग घालताना प्रत्येक कडीचा जोड वेगळ्या बाजूला येऊ द्या.

सक्शन पाइप विहिरीकडून पंपाकडे सतत चढता हवा. मधे कुठे कमान झाली तर तिथे हवा साठते आणि कितीही प्रायमिंग केले तरी पंप पाणी धरत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्यावर दुरुस्तीचा उपाय नाही. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण खरे तर वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी उचलू शकतो. पठारावर, म्हणजे पाचशे-सहाशे मीटर उंचीवर, त्यातून अर्धा मीटरहून थोडे अधिक कमी होते. पाइपमधील घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली, की सहा-साडेसहा मीटर एवढेच हाती राहते. जानेवारीत पाच मीटरवर असलेले पाणी एप्रिलमध्ये आठ मीटरवर गेले, तर पंप चांगला असूनही पाणी सोडणार. पंप विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवा किंवा पाणबुडी बसवा. डिझेल इंजिन मात्र विहिरीत उतरवून चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायू तळाशी साठतो आणि आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो.

पाणबुडी मोटार

पाणी झटक्यांनी येत असेल, मधेच हवा फेकत असेल आणि करंट खालीवर होत असेल, तर बोअरचे पाणी उपशाला पुरत नाही. मोटार दुरुस्त करून ते वाढणार नाही. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून उपसा बोअरच्या आवकेएवढा करा आणि सबमेन लहान करून पाळ्या वाढवा. या मोटारीचे बेअरिंग पाण्यावरच चालतात, त्यामुळे कोरडी चाललेली मोटार थोड्या वेळात खराब होते. स्टार्टरमध्ये ड्राय रन संरक्षण असेल तर ते बंद करून ठेवू नका.

बोअरमध्ये पुरेसे पाणी असून आणि करंट नेहमीइतका असून वर पाणी कमी येत असेल, तर केसिंगच्या तोंडाला कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज आला तर कॉलम पाइपला छिद्र आहे किंवा कप्लिंग सुटते आहे.

उलटी फिरणारी मोटार हे अगदी साधे कारण नेहमी नजरेतून सुटते. डीपीवर, खांबावर किंवा पेटीत वायर जोडण्याचे काम झाले आणि दुसऱ्या दिवसापासून दाब निम्म्यावर आला, तर फेज बदलले आहेत असे समजा. उलटा फिरतानाही पंप थोडे पाणी देत राहतो, त्यामुळे शंका येत नाही. तीनपैकी कोणत्याही दोन वायरची अदलाबदल करून पाहा. ज्या जोडणीत दाब जास्त, ती बरोबर. मोनोब्लॉकवर दिशेचा बाण कोरलेला असतो, तिथे नुसते पाहून कळते.

इम्पेलरची झीज ओळखण्यासाठी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह क्षणभर पूर्ण बंद करून सर्वाधिक दाब मोजतात. पंप नवा असतानाच्या दाबापेक्षा तो बराच कमी आला, तर इम्पेलर आणि वेअर रिंग झिजली आहे. ही चाचणी अर्ध्या मिनिटात आटपावी. गेज आणि व्हॉल्व्ह दोन्ही पंपाजवळ, पीव्हीसी पाइप सुरू होण्याआधीच्या लोखंडी भागावर असतील तरच ती करावी. अनेक टप्प्यांच्या पाणबुडी पंपाचा बंद दाब सहा किलोच्याही वर जाऊ शकतो.

वीजपुरवठ्यामुळे येणारे दोष

एक फेज गेला आणि मोटार उरलेल्या दोन फेजवर पूर्ण भाराने चालत राहिली, तर करंट सुमारे पावणेदोन पट होतो. मोटारी जळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि ओव्हरलोड रिले याच प्रसंगासाठी असतात. ‘रिले सारखी पडते’ म्हणून ती डायरेक्ट करणे किंवा फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे पुढच्या रिवायंडिंगची तारीख ठरवणे. रिले पडते तेव्हा आधी वर सांगितलेली मापे घ्या. रिलेचे सेटिंग नेमप्लेटवरच्या करंटएवढे असावे. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटारीच्या फेजमध्ये जोडलेली असल्यास त्याच्या ०.५८ पट ठेवतात, ते मेकॅनिककडून ठरवून घ्यावे.

व्होल्टेज कमी असताना मोटार तेच काम करण्यासाठी जास्त करंट घेते. ४१५ ऐवजी ३५० व्होल्ट मिळत असतील तर करंट साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. अशा वेळी शेजारच्यांशी बोलून पंप आळीपाळीने चालवणे हा उपाय सांगायला सोपा आणि करायला अवघड आहे, पण दुसरा स्वस्त उपाय नाही. योग्य क्षमतेचा कपॅसिटर सगळ्यांनी बसवला तर व्होल्टेज थोडे सुधारते.

व्हॉल्व्हचे दोष

बाहेरून हँडल फिरले म्हणजे आतला व्हॉल्व्ह उघडला, असे धरून चालू नका. पीव्हीसी बॉल व्हॉल्व्हचा दांडा आतल्या चेंडूपासून तुटतो. हँडल चौथाई फेरा फिरते, चेंडू जागेवरच राहतो. गेट व्हॉल्व्हमध्ये दांड्यावरून फाळका सुटून खाली पडतो. चाक पूर्ण उघडल्यासारखे फिरते आणि पाणी बंदच राहते. संशय आला तर व्हॉल्व्हच्या आधी आणि नंतर दाब मोजा. पूर्ण उघड्या बॉल व्हॉल्व्हमध्ये दाबात जाणवण्याइतका फरक पडायला नको.

दाब जुळवण्यासाठी बॉल व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने अर्धवट उघडा ठेवला, तर वाळूमिश्रित पाण्याच्या वेगवान धारेने त्याची बैठक कापली जाते. नंतर तो पूर्ण बंद होत नाही आणि शेजारचा सबमेन पाझरत राहतो. दाब कमी-जास्त करण्याचे काम फिल्टरजवळच्या बायपास व्हॉल्व्हकडे द्या. तोच व्हॉल्व्ह पुढे सर्वांत आधी झिजतो, म्हणून दाब कमी पडला की पहिली फेरी त्याच्याकडे मारा. बायपासचा पाइप विहिरीत खोल सोडलेला असेल तर पाणी परत जाताना दिसत नाही. त्याचे टोक पाण्याच्या वर, नजरेस पडेल असे ठेवावे. बॅकवॉशच्या निचरा पाइपचेही तसेच आहे. फिल्टर नेहमीच्या कामावर असताना त्यातून पाणी गळत असेल, तर बॅकवॉश व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि दाब तिथूनच जातो.

एनआरव्ही म्हणजे एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी झडप. पंप बंद होताच धाडकन आवाज येऊन पाइप हलतो तेव्हा ती उशिरा बंद होते आहे. वर चढलेले पाणी मागे धावू लागते आणि मग झडप आपटते. या धक्क्याने मेनलाइनचे सांधे निखळतात, इम्पेलरचा नट ढिला होतो. झडपेची स्प्रिंग किंवा बिजागरी तपासा. मेनलाइन लांब आणि चढाची असेल तर मधे आणखी एक एनआरव्ही लावा. ऑटोस्विचला एक-दोन मिनिटांचा टायमर हवाच. लाइट जाऊन लगेच आली आणि पाणी मागे येत असतानाच मोटार सुरू झाली, तर शाफ्टलाही धक्का बसतो.

एअर व्हॉल्व्हकडे कोणी पाहत नाही, कारण तो बिघडला तरी पाणी येतच राहते. त्याची कामे दोन. पंप सुरू होताना पाइपमधली हवा बाहेर सोडणे आणि पंप बंद होताना हवा आत घेणे. दुसरे काम थांबले की उताराकडे वाहून जाणाऱ्या पाण्यामागे पोकळी तयार होते आणि वरच्या बाजूचे ड्रीपर आपल्या तोंडाजवळचा चिखल आत ओढतात. तुमच्या शेतात उंचावरचेच ड्रीपर सारखे तुंबत असतील, तर आम्ल प्रक्रियेचा खर्च करण्याआधी एअर व्हॉल्व्ह उघडून पाहा. आतला चेंडू चिकटलेला सापडतो, किंवा ‘पाणी उडते’ म्हणून कोणीतरी तिथे टोपी लावून टाकलेली असते. चालू असताना तो पाणी उडवत असेल तर बैठकीत कचरा आहे. काढा, धुवा, परत लावा.

व्हेंचुरी खत ओढत नसेल तर ती क्वचितच बिघडलेली असते. तिच्या दोन टोकांतील दाबाच्या फरकावर ती चालते, आणि तो फरक मधला व्हॉल्व्ह आवळून तयार करावा लागतो. पुढचा फिल्टर तुंबलेला असेल तर फरक पडत नाही. उलट खताच्या टाकीत पाणी भरू लागले, तर सक्शन नळीवरची छोटी झडप निकामी आहे. ती लगेच बदला, कारण खताचे पाणी उलटे विहिरीपर्यंत जाण्याची भीती असते.

स्वयंचलित संचातील हायड्रॉलिक व्हॉल्व्ह उघडत किंवा मिटत नसेल, तर हाताने चालवण्याची चावी फिरवून पाहा. हाताने नीट चालत असेल तर दोष वायर, सोलेनॉइड किंवा कंट्रोलरकडे आहे. हातानेही चालत नसेल तर बारीक नळीतला कचरा किंवा फाटलेला पडदा शोधा.

फिल्टरविषयी एकच खूण लक्षात ठेवा. सँड फिल्टरची वाळू पुढच्या स्क्रीन फिल्टरमध्ये सापडू लागली, तर आतली कँडल फुटली आहे. त्या दिवशी संच चालवू नका.

बिघाड नसतानाही दाब कमी

बरेच संच बिघडलेले नसतात, त्यांच्याकडून जास्त मागितले जात असते. पाच फूट अंतरावरच्या इनलाइन लॅटरलवर दर ४० सेंमीला ताशी चार लिटरचा ड्रीपर असेल, तर एका एकरात सुमारे ६,६०० ड्रीपर बसतात आणि त्यांना ताशी जवळपास २६,५०० लिटर, म्हणजे सेकंदाला साडेसात लिटरच्या आत-बाहेर पाणी लागते. चांगल्या स्थितीतला पाच अश्वशक्तीचा पंप ३० मीटर हेडला एवढेच देतो. अशा उसात वेळ वाचवण्यासाठी दोन एकर एकदम सुरू केले, तर दाब पडणारच. त्याच पंपावर १४ बाय १० फुटांवरचे डाळिंब, झाडाला चार लिटरचे चार ड्रीपर असे असेल, तर एकरी ताशी पाच हजार लिटरच लागतात आणि चार-पाच एकर एकत्र चालतात.

पंप प्रत्यक्ष किती देतो ते २०० लिटरच्या बॅरलने मोजा. संचाइतकाच दाब राहील असा व्हॉल्व्ह आवळून पाणी बॅरलमध्ये सोडा. सेकंदाला सात लिटर असतील तर बॅरल २८-२९ सेकंदांत भरतो. ड्रीपरसाठी मापी ग्लास पुरतो. ताशी चार लिटरच्या ड्रीपरमधून तीन मिनिटांत २०० मिली यायला हवे. सबमेनजवळचे, मधले आणि टोकाचे असे काही ड्रीपर मोजा. टोकाला १६० मिलीच येत असतील, तर शेवटच्या झाडांना रोज पाचवा हिस्सा पाणी आणि तेवढेच खत कमी मिळते आहे.

सौर पंप असेल तर सकाळी आणि दुपारनंतर दाब कमी असणे हा दोष नाही. ऊन वाढते तसा उपसा वाढतो. उंचावरचे आणि लांबचे सबमेन दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान घ्या, जवळचे आधी किंवा नंतर. पॅनेलवरची धूळ पुसा आणि झाडाची सावली पडते का ते पाहा. थोड्याशा भागावरची सावलीही उपसा बराच कमी करते.

दुरुस्ती होईपर्यंत पीक कसे सांभाळावे?

शेजाऱ्याकडून किंवा टँकरने थोडे पाणी मिळाले, तर ते सगळीकडे वाटू नका. फुलोऱ्यातले, फळधारणेतले पीक आणि नवी लागवड यांना आधी द्या. जुन्या, विश्रांतीतल्या बागेला थांबता येते. आळ्यात उसाचे पाचट किंवा सुकलेले गवत पसरा. या काळात खत सोडू नका. संच सुरू झाल्यावर राहिलेल्या सर्व दिवसांचे पाणी एकाच पाळीत देण्याचा मोह होतो. डाळिंब, टोमॅटो यांत त्यामुळेच फळे तडकतात. पहिल्या दिवशी नेहमीच्या पाळीइतकेच पाणी द्या, पुढच्या दोन-तीन दिवसांत थोडे थोडे वाढवत ओल पूर्ववत करा. पाइप किंवा व्हॉल्व्ह उघडला असेल तर आधी मेनलाइन, मग सबमेन, मग लॅटरलची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन काढा. दुरुस्तीत आत गेलेली माती नाहीतर थेट ड्रीपरमध्ये जाते.

शेतातल्या पेटीत चालू स्थितीतले दाबाचे गेज, फूटव्हॉल्व्हचे रबर, ग्लँड पॅकिंग, सबमेनच्या मापाचा एक बॉल व्हॉल्व्ह, एअर व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप आणि योग्य क्षमतेची फ्यूज तार ठेवा. मोटारीच्या वायंडिंगची तपासणी, बोअरमधून मोटार काढणे आणि पेटीच्या आतले वायरिंग ही कामे मेकॅनिकची आणि वायरमनची. त्यांना बोलावताना नुसते ‘पाणी येत नाही’ असे सांगू नका. फोनवरच चारही दाब, करंट आणि व्होल्टेज सांगा, म्हणजे येताना ते लागणारा भाग बरोबर घेऊन येतील.